छोट्या खोक्यात घरचा लिनक्स कॉम्प्युटर: भाग निवडण्यापासून पहिल्या बॅकअपपर्यंत

मोठा टॉवर असेम्बल करून घेताना फार डोकं लावावं लागत नाही. दुकानदार देईल ते भाग बहुतेक एकमेकांत बसतात, आणि एखादा भाग थोडा उंच निघाला तरी आत जागा असते. छोट्या कॉम्प्युटरचं तसं नाही. कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) सात-आठ मिलिमीटर जास्त उंच निघाला की झाकण लागतच नाही. त्यात लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं असेल तर आणखी एक अट येते. वायफायची आणि लॅनची चिप कोणती आहे ते खोक्यावर बहुधा छापलेलं नसतं, पण पैसे देण्याआधी आपल्याला माहीत असावं लागतं.

मी असा कॉम्प्युटर स्वतःसाठी जमवला आहे, घरच्यांना आणि मित्रांनाही जमवून दिला आहे. जोडणीत कुणी फारसं अडत नाही, लोक अडतात ते खरेदीच्या क्रमात. प्रोसेसर आवडला म्हणून आधी घेतला जातो, मग त्याला बोर्ड (मदरबोर्ड) शोधला जातो, आणि कॅबिनेट (बाहेरचं खोकं) शेवटी येतं. छोट्या खोक्यासाठी हा क्रम उलटा हवा, म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने वाचा.

१. कॉम्प्युटर काय करणार, ते कागदावर लिहा

ब्राउझर, ऑफिसचं काम, मुलांचा अभ्यास, सिनेमे, फोटो, प्रोग्रॅमिंग एवढंच असेल तर वेगळं ग्राफिक कार्ड नको. ते वगळलं की उष्णता, आवाज, जागा आणि खर्च हे चारही प्रश्न एकदम लहान होतात. हा लेख तसाच, ग्राफिक कार्ड नसलेला कॉम्प्युटर धरून लिहिला आहे.

लिनक्सवर काय चालणार नाही, तेही आत्ताच बघून घ्या. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. श्रीलिपीवर छपाईचं काम करणाऱ्यांनी विंडोजची एक मशीन शिल्लक ठेवावी. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर टोकनच्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) दिला आहे का, ते तपासा. घरी कॅननचा एलबीपी २९०० हा जुना, दणकट प्रिंटर असेल तर तो लिनक्सवर चालवायला बरीच खटपट पडते. नव्या वायफाय प्रिंटरपैकी बहुतेक मात्र ड्रायव्हरशिवायच ओळखले जातात. काही ओटीटी सेवा लिनक्सच्या ब्राउझरमध्ये पूर्ण दर्जाचं चित्र देत नाहीत, म्हणजे ज्याला मुख्यतः तेच बघायचं आहे त्याने टीव्हीवरच बघावं.

आणखी एक मनापासून सांगतो. तुम्हाला फक्त छोटा लिनक्स कॉम्प्युटर हवा असेल आणि जोडण्याची हौस नसेल, तर कंपन्यांमधून निघालेले साधारण एक लिटर आकाराचे वापरलेले कॉम्प्युटर बघा. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी हे त्यातले. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर स्वीकारत नाही. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीच्या चांगल्या मशीन बाजारात येतात. लिनक्सला त्यांचं वय अडत नाही.

जोडायचंच ठरलं असेल तर पुढे या.

२. कॅबिनेट सर्वांत आधी ठरवा

छोट्या कॉम्प्युटरचा रुळलेला आकार म्हणजे मिनी-आयटीएक्स. हा बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटरचा असतो. व्हिया कंपनीने तो २००१ मध्ये आणला आणि आज बोर्ड बनवणाऱ्या सगळ्या मोठ्या कंपन्या तो बनवतात. त्यावर साधारणपणे रॅमच्या दोनच जागा आणि कार्डाची एकच जागा असते.

कॅबिनेटचे ढोबळ तीन वर्ग धरा. पहिला, चपटं खोकं, जसं इनविनचं चोपिन: आकारमान सुमारे ३.३ लिटर, एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) आतच बसवलेला, कूलरला ४३ मिलिमीटर जागा. दुसरा, चौकोनी आणि ऐसपैस, जसं कूलर मास्टरचं एनआर२००: सुमारे १८ लिटर, मोठा कूलर आणि पुढे कधी ग्राफिक कार्डही मावेल असं. तिसरा, कॅबिनेट, बोर्ड आणि अ‍ॅडॉप्टर एकत्र मिळणारा अर्धतयार संच, जसा अ‍ॅसरॉकचा डेस्कमिनी. त्याचं खोकं १५५ बाय १५५ बाय ८० मिलिमीटर, वीज लॅपटॉपसारख्या १२० वॅटच्या अ‍ॅडॉप्टरवर. त्यात प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एसएसडी एवढंच आपण घालायचं.

पहिल्यांदा करणाऱ्याला मी डेस्कमिनीसारखा संच सुचवेन. बोर्ड आणि खोकं जुळतं का, एसएमपीएस मावतो का, हे प्रश्नच उरत नाहीत. पुढे वाढवायची इच्छा असेल तर मात्र एनआर२००च्या वर्गातलं खोकं घ्या. ते टेबलावर तेवढं नाजूक दिसत नाही, पण हात आत जातो, आणि पहिल्या जोडणीत त्याची किंमत कळते.

कॅबिनेट ठरलं की त्याच्या माहितीपत्रकातून तीन आकडे उतरवून घ्या: कूलरची जास्तीत जास्त उंची, एसएमपीएसचा प्रकार, आणि अडीच इंची डिस्कची जागा आहे का. हा कागद शेवटपर्यंत खिशात राहू द्या.

३. प्रोसेसर आणि कूलर एकत्र निवडा

वेगळं ग्राफिक कार्ड नाही, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच हवं. नावाच्या शेवटचं अक्षर बघा. इंटेलच्या आय३-१२१०० मध्ये ग्राफिक्स आहे, आय३-१२१००एफ मध्ये नाही. दुकानात ‘एफ’वाला थोडा स्वस्त म्हणून पुढे केला जातो. तो घेतलात तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) ‘जी’ अक्षर शोधा: रायझन ५ ५६००जी हा सहा कोअरचा, ६५ वॅटचा प्रोसेसर घरासाठी आजही पुरून उरतो. नव्या एएम५ सॉकेटवर रायझन ५ ८६००जी आहे. त्याचं ग्राफिक्स बरंच जोरदार आहे, पण त्याला डीडीआर५, म्हणजे डीडीआर४च्या पुढच्या पिढीची रॅम लागते.

आता खिशातला कागद काढा. या दोन्ही रायझनच्या खोक्यात मिळणारा रेथ स्टेल्थ कूलर सुमारे ५४ मिलिमीटर उंच आहे. चोपिनमध्ये जागा ४३, डेस्कमिनीच्या एक्स३०० मॉडेलमध्ये ४६. म्हणजे फुकट मिळालेला कूलर दोन्हींत बसत नाही. वेगळा चपटा कूलर घ्यावा लागतो. नॉक्टुआचा एनएच-एल९ए ३७ मिलिमीटरचा आहे, महाग आहे, पण शांत आहे. एएम४ आणि एएम५ साठी तो वेगवेगळा मिळतो, खोक्यावर बघून घ्या. कूलरचा खर्च हिशेबात पहिल्या दिवसापासून धरा, नाहीतर बजेट इथेच फुटतं.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीचंच तापमान चाळिशीजवळ जातं. चपट्या कूलरला अशा वेळी फार वाव राहत नाही. बऱ्याच एएमडी बोर्डांच्या बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू करणारं, बोर्डातच असलेलं सॉफ्टवेअर) ६५ वॅटचा प्रोसेसर ४५ वॅटवर बांधून ठेवण्याची सोय असते. रोजच्या कामात फरक जवळजवळ कळत नाही, पंख्याचा आवाज मात्र उतरतो.

एएम४चा बोर्ड घेताना एक धोका आहे. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डाचा बायोस ५६००जीला ओळखत नाही. ‘या प्रोसेसरसाठी बायोस अपडेट करून द्या’ असं घेतानाच सांगा.

४. बोर्डावरच्या चिप्स बघा, कंपनीचं नाव नव्हे

लिनक्सवाल्याचं खरं काम इथे आहे. ‘अमुक कंपनीचा बोर्ड लिनक्सला चांगला’ या म्हणण्यात फार तथ्य नसतं. एकाच कंपनीच्या दोन बोर्डांवर दोन वेगळ्या वायफाय चिप्स असतात, आणि ड्रायव्हर चिपचा असतो.

बोर्डाच्या पानावर नुसतं ‘वायफाय ६’ लिहिलेलं असतं. त्याच बोर्डाच्या सपोर्ट विभागात विंडोजच्या ड्रायव्हरची यादी उघडा. तिथे इंटेल, मीडियाटेक किंवा रिअलटेक असं चिपचं नाव सापडतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे वायफाय ड्रायव्हर दिसले तर समजा की एकाच मॉडेलमध्ये कधी ही, कधी ती चिप येते.

इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२१० ही कार्डं लिनक्सवर उत्तम चालतात. एएक्स२१०ला कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१० किंवा पुढचा लागतो, आणि आजच्या सगळ्या प्रमुख वितरणांत (उबुंटू, मिंट अशा लिनक्सच्या तयार रूपांत) तो आहे. मीडियाटेकची एमटी७९२१ही कर्नल ५.१२ पासून चालते. रिअलटेकच्या काही चिप्स नीट चालतात, काहींचा ड्रायव्हर बाहेरून आणावा लागतो आणि कर्नल बदलला की तो पुन्हा बसवावा लागतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

वायफाय कार्ड बहुतेक छोट्या बोर्डांवर एका स्क्रूने बसवलेलं असतं आणि बदलता येतं. मात्र एएक्स२०१ किंवा एएक्स२११ घेऊ नका. दिसायला ती एएक्स२१०सारखीच आहेत, पण त्यांचं अर्धं काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटकडे असतं, त्यामुळे एएमडीच्या बोर्डावर ती चालतच नाहीत. शेवटचा एक आकडा चुकला तर कार्ड वाया.

रिअलटेकच्या साध्या आणि अडीच गिगाबिटच्या लॅन चिप्स लिनक्सच्या कर्नलमध्ये आधीपासून आहेत, त्यांची काळजी नको.

५. रॅम, एसएसडी, एसएमपीएस

रॅम एक मोठी घेण्याऐवजी सारख्या दोन घ्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. दोन वेळा ८ जीबी घरासाठी पुरेशी आहे. डेस्कमिनीत लॅपटॉपची छोटी रॅम लागते, साध्या मिनी-आयटीएक्समध्ये बहुधा डेस्कटॉपची लांब. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकलेल्या आहेत, त्यामुळे घरी जुन्या लॅपटॉपची चालणारी डीडीआर४ रॅम पडली असेल तर तिच्याभोवतीच बेत आखणं शहाणपणाचं.

एसएसडी एम.२ प्रकारची, २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब घ्या. ती एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) आहे ना, हे विचारा. साटा या जुन्या जोडणीची एम.२ दिसायला जवळपास तशीच असते, पण अनेक बोर्डांच्या जागेत ओळखली जात नाही. कुठे काही टेराबाइटची डिस्क अशक्य स्वस्त दिसली तर ती खोटी आहे असंच धरून चला.

एसएमपीएस वेगळा घ्यायचा असेल तर प्रकार कागदावर आहेच. छोट्या कॅबिनेटमध्ये बहुधा एसएफएक्स हा छोट्या मापाचा लागतो.

६. खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एसपी रोड हे जुने बाजार आहेत. मिनी-आयटीएक्सचे बोर्ड मात्र प्रत्येक दुकानात शेल्फवर नसतात, मागवावे लागतात. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर आधी फोन करून माल आहे का विचारा आणि मॉडेलचं पूर्ण नाव सांगा. ‘तेच आहे, फक्त नाव वेगळं’ असं ऐकलंत तर घाई करू नका, खिशातला कागद काढा.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. बिलाशिवाय मिळणारी सूट वॉरंटीच्या दारात महाग पडते. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्या. सुट्या, ‘ट्रे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरला कंपनीची ग्राहक-वॉरंटी नसते, दुकानदार देईल तीच.

जवळ ठेवायचं साहित्य:
– बिल, वॉरंटी कार्डं, सगळी खोकी (किमान वर्षभर)
– चुंबकी टोकाचा मध्यम फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, आणि एम.२ साठी एक बारीक
– ८ जीबी किंवा मोठे दोन पेन ड्राइव्ह
– लॅनची केबल
– मोबाइलची टॉर्च, स्क्रूंसाठी वाटी
– जोडणीपुरता कुठलाही मॉनिटर आणि वायरवाला कीबोर्ड

७. कॅबिनेटबाहेर आधी चालवून बघा

ही पायरी गाळू नका. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि प्रोसेसर, कूलर, एक रॅम एवढंच लावून सुरू करून बघा. काही बिघडलं असेल तर इथे दहा मिनिटांत कळतं. अरुंद खोक्यात सगळं बसवून झाल्यावर कळलं तर संध्याकाळ जाते.

काम सुरू करण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूच्या वस्तूला हात लावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे मध्येमध्ये करत राहा. कृत्रिम धाग्याचे कपडे आणि गालिचा टाळा.

प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. तो स्वतःच्या वजनाने खाली बसायला हवा, दाबायचा नाही. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात. त्यांना बोट लावू नका. त्यांचं प्लास्टिकचं झाकण खटका लावताना आपोआप उडतं, ते जपून ठेवा. बोर्ड वॉरंटीत देताना ते मागतात. खटका लावताना बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो. ते साहजिक आहे.

कूलरला पेस्ट आधीच लावलेली आहे का, ते बघा. नसेल तर मधोमध वाटाण्याएवढी पुरे. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच. डेस्कटॉपची रॅम खाचेशी जुळवून टक् आवाज येईपर्यंत दाबा. लॅपटॉपची रॅम आणि एसएसडी तिरकी आत सारून मग खाली बसवायची. एसएसडीवर बसणाऱ्या पट्टीच्या पॅडवर प्लास्टिकचा पातळ कागद असतो, तो काढायला बरेच जण विसरतात.

साध्या मिनी-आयटीएक्सवर पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की मशीन सुरू होते. डीडीआर५ असेल तर इथे घाबरू नका. पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो. त्यात काही मिनिटं जातात आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. या वेळात पुन्हापुन्हा बंद-चालू केलं तर तो प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करतो. चहा टाका, दहा मिनिटं थांबा.

८. खोक्यात बसवणं

बायोसचा पहिला पडदा दिसला की बंद करा, प्लग काढा आणि बोर्ड आत घाला. मागची पत्र्याची पट्टी वेगळी आली असेल तर ती बोर्डाआधी बसवा. प्रोसेसरला वीज देणारी केबल बोर्ड घालतानाच लावा, नंतर तिथे बोट पोचत नाही. पुढच्या बटणाच्या बारीक वायरी टॉर्चच्या उजेडात, मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवून लावा. वायफायच्या दोन अँटेना-वायरी टचकन बसतात, पण तिरक्या दाबल्या तर तुटतात.

केबल पंख्याला लागत नाहीत ना, हे हाताने पंखा फिरवून बघा. चपटा कूलर हवा झाकणातून ओढतो, म्हणून ती बाजू भिंतीला टेकवून ठेवू नका.

९. बायोसमधली चार कामं

कंपनीच्या साइटवरून नवा बायोस पेन ड्राइव्हवर घेऊन अपडेट करा. हे काम यूपीएसवर असताना करा, मध्ये वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. मग रॅमचा घोषित वेग चालू करा. इंटेलवर आणि एएम४ वर त्याला एक्सएमपी म्हणतात, एएम५ वर एक्सपो. पंख्याची चाल शांत प्रकारावर ठेवा. आणि कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा असेल तर वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा. २० वॅट खाणारी मशीन चोवीस तास चालली तर महिन्याला साधारण १४ युनिट होतात, तेही जमेत धरा.

सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) बंद करण्याची सहसा गरज नाही. उबुंटू, डेबियन आणि फेडोरा तो चालू असताना बसतात.

१०. लिनक्स कोणतं, आणि कसं टाकायचं

नियम एकच: कर्नल तुमच्या प्रोसेसरपेक्षा नवा हवा. ५६००जी २०२१ चा आहे, तो कुठेही चालेल. ८६००जी २०२४ चा आहे. डेबियन १२ चा कर्नल ६.१ त्याच्या ग्राफिक्ससाठी जुना पडतो. उबुंटू २४.०४, त्यावर उभा असलेला लिनक्स मिंट २२ किंवा डेबियन १३ घ्या. घरात अनेक जण वापरणार असतील आणि विंडोजची सवय असेल तर माझी निवड मिंट. फेडोरा घेतलात तर व्हिडिओसाठी आरपीएम फ्यूजन हा जादा सॉफ्टवेअरचा साठा जोडावा लागेल, कारण काही व्हिडिओ प्रकारांचं हार्डवेअर डिकोडिंग त्यात मुळातून दिलेलं नसतं.

फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या, तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा) साइटवरच्या आकड्याशी जुळवा, बलेना एचर किंवा रुफसने पेन ड्राइव्हवर लिहा. आधी इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालवा: वायफाय, आवाज, ब्लूटूथ, झोपवून परत उठवणं हे सगळं इथेच तपासा. नव्या डिस्कवर काहीच नसल्याने ‘पूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय निवडा. घराबाहेर कुणाच्या हाती मशीन जाण्याची शक्यता असेल तर एन्क्रिप्शनही.

कीबोर्ड विचारेल तेव्हा पहिला इंग्रजी ठेवा. मराठी एकटाच निवडला तर पासवर्ड देवनागरीत उमटतो आणि लॉगिनच्या पडद्यावर अडायला होतं. टाइम झोन आशिया/कोलकाता.

११. इन्स्टॉल झाल्यावर

सगळे अपडेट घ्या, मशीन पुन्हा सुरू करा. मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट ही देवनागरीची प्रमाण कीबोर्ड मांडणी येत असेल तर ती थेट मिळते. उच्चाराप्रमाणे टाइप करायचं असेल तर आयबस (टायपिंगचा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज बसवा. ‘नोटो देवनागरी’ आणि ‘मुक्त’ हे टंक (फाँट) पॅकेजमधून किंवा गूगल फाँट्सवरून घ्या. जुनी मराठी कागदपत्रं उघडल्यावर अक्षरं विचित्र दिसली तर ती युनिकोडमध्ये नाहीत. ती आधी रूपांतरित करावी लागतील.

त्यानंतर उष्णता तपासा. सगळे कोअर वीस मिनिटं कामाला लावा आणि तापमान बघत राहा. ते ९० अंशांच्या वर जाऊन तिथेच राहिलं तर कूलर पुन्हा बसवा किंवा वर सांगितल्याप्रमाणे ४५ वॅटवर आणा. ही चाचणी झाकण लावून करायची, उघड्या खोक्यात केलेल्या चाचणीला अर्थ नाही.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीपासून असतं. ते चालू करा, म्हणजे एखादा अपडेट बिघडला तर मागे जाता येतं. पण टाइमशिफ्ट सिस्टिम जपतं, तुमचे फोटो आणि फाइली नाही. त्यांच्यासाठी वेगळी बाहेरची डिस्क घ्या, बॅकअपचं वेळापत्रक लावा, आणि पहिला बॅकअप झाला की त्यातली एक फाइल परत काढून उघडते का ते बघा.